गप्प आणि गडबड

आमच्या विभागाच्या दारावर तो फ्लेक्स अजून आहे. मधोमध विभागप्रमुखांचा हात जोडलेला फोटो, त्यांच्या मागं उगवत्या सूर्यासारखी वर येणारी गुलाबी किडनी, आणि वर ठळक अक्षरांत ‘मुत्रपिंड प्रत्यारोपणात कोल्हापूरची क्रांती’. मूत्रपिंडातला मू ऱ्हस्व पडलाय. फ्लेक्सचा मजकूर तपासायचं काम माझ्याकडं होतं. म्हणजे त्या फ्लेक्सवर जी चूक सगळ्यांना दिसते ती माझी, आणि जी कुणालाच दिसत नाही तीही माझीच.

ती दुसरी चूक सांगायची तर डॉक्टर सुनंदा मगदूम यांच्याबद्दल सांगावं लागतं. फ्लेक्सवर त्यांचं नाव नाही. आधी होतं. नंतर त्यावर पांढरी पट्टी चिकटवली. पट्टी चिकटवायला स्टुलावर कोण चढलं होतं, हे विचारू नका. स्टूल धरायलाही कुणी नव्हतं, एवढंच सांगतो.

मी मूळचा साखरेचा माणूस. अकरा गाळप हंगाम एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाची गोडी मोजली. तिथं रस बादलीनं येतो. मग एकदा डोक्यात आलं की आपण जरा बारीक विज्ञान करावं, म्हणून हॉस्पिटलच्या संशोधन विभागात अर्ज टाकला. मुलाखतीला समोर एक बुटक्या, गहूवर्णी बाई. कॉटनची साडी, पायात कॅनव्हासचे बूट, नाकावर जाड चष्मा आणि चेहऱ्यावर आत्ताच कुणाशी तरी भांडून आल्याचा भाव. पुढं कळलं, तो भाव कायमचा होता.

“एक मायक्रोलिटर म्हंजे किती?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, “साधारण थेंबभर.”

“एका थेंबात तसले पन्नास बसतात. आणि साधारण म्हंजे काय? किडनीला सांगणार हाईस व्हय, साधारण चाल म्हणून?”

मला घेतलं. दुसऱ्या कुणाचा अर्जच आला नव्हता. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही; पहिल्या दिवसापासून मी ‘साखऱ्या’. त्या मात्र सगळ्यांच्या ‘अक्का’. त्यांचं गाव कुरुंदवाड. तिकडं कानडी वाऱ्यानं थोरली बहीण अक्काच होते, पण ह्या जरा जास्तच थोरल्या होत्या. स्वतःबद्दल बोलताना ‘मी जातो’, ‘मी करतो’ असंच म्हणायच्या, आमच्याकडच्या बायका म्हणतात तसं. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्या प्राध्यापकांनी चहाच्या वेळी हसून त्याची दखल घेतली. अक्का म्हणाल्या, “पावणं, तुम्ही व्याकरण बघा, तवर मी तुमची आकडेवारी बघतो.” आणि खरंच बघितली. प्राध्यापक दुपारच्या गाडीनं परत गेले.

अक्कांचं काम काय होतं ते त्यांच्याच शब्दांत सांगतो, कारण माझ्या शब्दांत ते मलाही कळत नाही. किडनी एका माणसातून काढून दुसऱ्यात बसवेपर्यंत ती बर्फात उपाशी असते. मग एकदम रक्त मिळतं. उपाशी माणसाला थेट पंगतीत बसवून वाढल्यावर जे होतं तेच तिचं होतं. तिच्या पेशींमधली काही जनुकं घाबरून हाकाटी सुरू करतात, पेशी मरायला लागतात आणि नवी किडनी रुसून बसते. कधी चार दिवस, कधी दोन आठवडे, कधी कायमची. “जनुक मारायचं न्हाय,” अक्का म्हणायच्या. “त्ये बसू दे त्याच्या गादीवर. ते ज्या चिठ्ठ्या धाडतंय ना, त्या वाटेत फाडायच्या.” आरएनएचा एक चिमुकला तुकडा किडनीत सोडायचा, तो नेमकी त्याच जनुकाची चिठ्ठी गाठतो आणि पेशीकडून ती फाडून घेतो. जनुक ओरडत राहतं, ऐकायला कुणी नाही. इंग्रजीत ह्याला भारदस्त नाव आहे. आमच्या प्रयोगशाळेत ह्याला ‘गप्प’ म्हणत.

आणि तुलनेसाठी दुसरा तुकडा लागतो. अक्षरं तीच, पण क्रम विस्कटलेला. कुठल्याच चिठ्ठीला न जुळणारा. तो ‘गडबड’.

बाटल्या, नळ्या, नोंदवह्या, सगळं मराठीत. मोठमोठे लोक येऊन नाक मुरडून गेले. अक्कांचं म्हणणं एकच: “ज्या भाषेत शिवी सुचती त्याच भाषेत चूक दिसती.” त्यांना दोन्ही भरपूर सुचायचं आणि दिसायचं.

आरएनए ही भलतीच नाजूक वस्तू. आपल्या घामानं मरते, थुंकीनं मरते. आणि कोल्हापुरात तर माणूस अर्धा तास गप्प बसला की घरचे डॉक्टरकडं नेतात. पहिल्याच महिन्यात मी उघड्या नळीवर वाकून कारखान्यातल्या मळीच्या टाकीत पडलेल्या वळूची गोष्ट सांगितली. गोष्ट रंगली. सगळे हसले. आठ दिवसांनी कळलं की त्या दिवशीचा सगळा आरएनए मेलाय. अक्कांनी मला बोलावलं, एक स्वच्छ काचपट्टी माझ्या तोंडासमोर धरली आणि म्हणाल्या, सांग परत. मी गोष्ट सांगितली. वळू टाकीत पडेपर्यंत काचपट्टीवर शिंतोडे उमटले होते. त्यांनी ती माझ्या टेबलावर उभी करून ठेवली, देवाच्या फोटोसारखी. ती तिथं वर्षभर होती.

त्यांचा राग असा होता. तो आवाजात असायचाच, पण तो कायम वस्तूंवर येऊन थांबायचा. चुकीच्या टोपणावर, सांडलेल्या थेंबावर, ‘साधारण’ ह्या शब्दावर. माणसावर तो पुढं जायचा नाही. मोठ्यानं बोलणाऱ्या माणसाला आपण तापट म्हणतो. खरी तापट माणसं मी नंतर बघितली. ती फार हळू बोलतात आणि चहा विचारतात.

वर्षातून एकदा, पर्युषण संपलं की, अक्का प्रयोगशाळेत प्रत्येकासमोर हात जोडून क्षमा मागायच्या. जैनांत तशी रीतच आहे. पण त्यांची क्षमाही दम दिल्यासारखी वाटायची. “साखऱ्या, वर्षभरात माझ्याकडनं मनानं, बोलण्यानं, करणीनं काय चुकलं असंल तर क्षमा कर. आणि ती पिपेट सरळ धर, उसाचं कांडं न्हवं ते.” मी म्हणे, अक्का, मलाही क्षमा करा. त्या म्हणत, “कशाबद्दल ते सांग आधी.” मी आपलं वर्षभराचं आठवत बसे.

ह्याच बाई उंदरांवर काम करायच्या. त्यांच्या घरात सूर्य मावळल्यावर कुणी खात नाही, दिव्यावर किडा येऊन मरू नये म्हणून; आणि ह्या दिवसाउजेडी उंदराच्या किडनीची धमनी चिमट्यानं दाबून धरायच्या, ठरलेल्या मिनिटांनी सोडायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याला मारून किडनी काढायच्या. मी एकदा वाह्यातपणे विचारलं होतं की हे कसं जमतं. मला वाटलं पिपेट फेकून मारतील. पण त्यांनी हातातलं काम संपवलं, हात धुतले आणि म्हणाल्या, “मी हिंसा करतो. त्येचं जे काय पाप असंल ते माझ्या नावावर. पण फुकटची हिंसा करणार न्हाय. एक उंदीर गेला की त्येच्या बदल्यात एक गोष्ट कळली पायजे.” प्रत्येक उंदराला वहीत एक पान होतं. वजन, तारीख, ओळखीसाठी लावलेला रंगाचा ठिपका कुठं आहे, सगळं. शेवटच्या ओळीत अक्का स्वतःच्या हातानं लिहायच्या: ‘काय कळलं.’

आता माझ्याकडं येतो. इतका वेळ टाळलं.

मोठा प्रयोग होता. चोवीस उंदीर; बारांना गप्प, बारांना गडबड. प्रत्येक उंदरासाठी एकेक छोटी नळी आधीच भरून उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवायची होती. नळी करंगळीच्या पेराएवढी, तिच्यावर ‘गप्प’ लिहायचं, ‘गडबड’ लिहायचं, थंडीनं बोटं आखडलेली. मी शहाणपणा केला. पहिलं अक्षर लिहिलं.

बारा नळ्यांवर ग. बारा नळ्यांवर ग.

तेव्हा मला ते दिसलंही नाही. दोन वेगळे डबे होते, डाव्या कप्प्यात गप्प आणि उजव्यात गडबड, एवढं माझ्या डोक्यात पक्कं होतं. मग फ्रीजर बिघडला, डबे दुसऱ्या विभागात हलवायचे झाले, मी दोन्ही डबे एकावर एक घेऊन निघालो आणि दारात पाय घसरला. चोवीस नळ्या गोट्यांसारख्या फरशीवर पळाल्या. मी गुडघ्यांवर बसून गोळा केल्या. उचललेल्या प्रत्येक नळीवर बघितलं. ग. ग. ग. शेवटी ज्या बाजूला लोळल्या त्या बाजूच्या असणार असं धरून मी बारा-बारा भरल्या. कुणी बघितलं नव्हतं. आणि मी कुणाला सांगितलं नाही. अक्कांना सांगावं असं मनात आलं होतं. मग ती काचपट्टी आठवली. एका काचपट्टीला घाबरून मी चोवीस उंदीर घालवले.

प्रयोग झाला. एका गटातल्या किडन्या चांगल्या निघाल्या, दुसऱ्या गटातल्या खराब. इथं आमच्या विभागप्रमुखांचा प्रवेश होतो. त्यांना आम्ही मागं ‘फीतसाहेब’ म्हणत असू, कारण कात्री दिसली की त्यांचा हात आपोआप पुढं होई. ऑपरेशनची नव्हे, उद्घाटनाची. फीतसाहेबांनी तक्ता बघितला आणि म्हणाले, झालं, छापायला पाठवा. अक्का म्हणाल्या, थांबा, अजून मी त्या किडन्यांमधल्या चिठ्ठ्या मोजलेल्या नाहीत. जनुक खरंच गप्प झालं का, ते बघू दे. फीतसाहेब फार हळू आवाजात म्हणाले, “बघा की, सावकाश बघा.” आणि त्याच आठवड्यात लेख पाठवून दिला. अक्कांचं नाव घालून. छापून आला तसा पेपरात फोटो आला, मग फ्लेक्स आला.

अक्कांची मोजणी संपली त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली नाही. मीच काहीतरी मागायला गेलो. त्या स्टुलावर बसल्या होत्या, समोर चोवीस आकडे. चांगल्या गटातल्या निम्म्या उंदरांत जनुक गप्प होतं, निम्म्यांत बोलत होतं. खराब गटातही तेच. म्हणजे दोन गट नव्हतेच. मग एका गटाच्या किडन्या चांगल्या का निघाल्या? पुढं कधीतरी अक्का म्हणाल्या, नाणं बारा वेळा उडव, कधीकधी आठदा छापा पडतो. त्यात नाण्याचं काय मोठेपण?

त्यांनी फ्रीजरमधून वापरलेल्या त्या चोवीस नळ्या आणून माझ्यापुढं ठेवल्या, सगळ्यांवर ग, आणि माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं. फरशी, गोट्या, सगळं.

मला वाटलं आता छप्पर उडणार. अक्कांनी वही माझ्यापुढं सरकवली. “वाच,” म्हणाल्या. “मोठ्यानं.” मी पहिल्या उंदराचं पान वाचलं. वजन, तारीख, ठिपका डाव्या कानावर. पुढचं. ठिपका शेपटीवर. पुढचं. मध्ये मी थांबलो तर म्हणाल्या, वाच. चोविसावं पान संपलं. मग त्यांनी वही घेतली आणि पहिल्या पानापासून प्रत्येक पानाच्या तळाशी ‘काय कळलं’ ह्याच्यापुढं लिहिलं: काही नाही. काही नाही. काही नाही. चोवीस वेळा. त्या दिवशी त्या मला एक शब्द रागानं बोलल्या नाहीत. त्याचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या दिवशी त्या फीतसाहेबांकडं गेल्या आणि लेख मागं घ्या म्हणाल्या. मी कागद धरून मागं उभा होतो. फीतसाहेबांनी चहा मागवला. म्हणाले, एवढं काय, एका पोराच्या धांदरटपणापायी संस्थेचं नाव घालवायचं का. मी चाळीस वर्षांचा आहे, पण त्या क्षणी पोर व्हायला माझी हरकत नव्हती. मग ते हसून म्हणाले, “अक्का, तुमच्यात तर क्षमा फार मोठी. करून टाका की.”

अक्का उठून उभ्या राहिल्या. “क्षमा मागायची असती साहेब. चूक कबूल करून, नाव घेऊन मागायची असती. लपवायला वापरायची न्हवं ती. तुमचं टेबल पुसायचं फडकं हाय व्हय माझा धर्म?”

चहा तसाच राहिला. मी पिऊन टाकला. सवय.

तरी प्रकरण कदाचित कागदावरच चालू राहिलं असतं. पत्र, उत्तर, पुन्हा पत्र. पण मध्ये कांबळे गुरुजी आले. मंगळवार पेठेतले निवृत्त मुख्याध्यापक, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येणारे. यंत्रावरून उतरले की आमच्या दारात खुर्ची टाकून बसत. मराठीत चालणारी प्रयोगशाळा म्हणून त्यांना आमचं कौतुक. अक्का त्यांना गप्प काय, गडबड काय ते सगळं समजावून सांगायच्या. फ्लेक्सवरचा ऱ्हस्व मु पहिल्यांदा त्यांनीच पकडला आणि मला शुद्धलेखन घालून दिलं. त्यांची थोरली बहीण पारूताई त्यांना किडनी द्यायला तयार होती. तपासण्या झालेल्या, ऑपरेशनची तारीख ठरलेली. डायलिसिसच्या नर्सनं सहज बोलता बोलता सांगितलं की गुरुजींनी तारीख पुढं ढकललीय. पारूताईचं ब्लडप्रेशर हळूहळू चढतंय, डॉक्टर म्हणतात आणखी चढलं तर तिची किडनी घेता यायची नाही, पण गुरुजी ऐकत नाहीत. पेपरातलं कात्रण खिशात घेऊन फिरतात. औषध येऊ दे, म्हणतात, मगच.

नर्सचं बोलणं संपायच्या आत अक्का निघाल्या होत्या. फीतसाहेबांचं लेखी फर्मान होतं की ह्या विषयावर बाहेर कुणी बोलायचं नाही. त्याची प्रत अक्कांच्या टेबलावर मीच ठेवली होती. मी मागं धावलो.

गुरुजी यंत्रावर होते. अक्का पलंगाशी उभ्या राहिल्या.

“गुरुजी, ऑपरेशन ढकललंसा?”

“व्हय. तुमचं औषध येऊ दे की. बहिणीची किडनी हाय, रुसून बसली तर कुणाला तोंड दावू?”

“औषध न्हाय.”

“कवा येणार मग?”

“येणार न्हाय. पेपरात आलंय ते खोटं हाय. आमच्या नळ्या मिसळल्या. आम्हाला काय बी कळलेलं न्हाय. तुम्ही थांबू नका, पारूताईला घेऊन याच आठवड्यात या.”

गुरुजींनी खिशावर हात ठेवला. “त्यात तुमचं नाव हाय की, अक्का.”

“हाय. म्हणून मीच सांगाय आलो.”

“किडनी रुसली तर?”

“रुसंल बी. माझ्याकडं त्यावर काय न्हाय.”

गुरुजी म्हणाले, “मी आशेवर बरा हुतो. जावा तुम्ही हितनं.” स्वतः उठून जायची सोय नव्हती, हाताला नळ्या जोडलेल्या. म्हणून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

आजूबाजूच्या पलंगांवरचे सगळे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी अक्कांना नोटीस आली: रुग्णांमध्ये घबराट पसरवल्याबद्दल, संस्थेची बदनामी केल्याबद्दल. चौकशी समिती बसली. तीन माणसं, काजूची बशी, पाण्याच्या बाटल्या. अक्कांनी वही उघडून सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, नळ्या ज्यानं भरल्या त्याला विचारा.

मला विचारलं. आदल्या दिवशी फीतसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून, फार हळू, विचारलं होतं की तुमची नेमणूक कंत्राटी आहे ना अजून. एवढंच. दुसरं काही बोलले नाहीत. त्यांना बोलायची गरजच पडत नाही.

मला अकरा हंगामांपूर्वी कुणाच्या शेतातला ऊस किती गोड होता ते आठवतं. मी समितीला म्हणालो, “आठवत नाही.”

तीनदा विचारलं, तीनदा तेच म्हणालो. अक्का समोर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. वही मिटली, पिशवीत घातली. जनुकाला गप्प करायला आम्ही वर्षानुवर्षं खटपट करत होतो. मी एका हाताच्या वजनानं झालो. समितीनं ‘डॉ. मगदूम यांचा गैरसमज’ असा निष्कर्ष काढला, त्यांना विभागात यायला बंदी केली, आणि महिन्याभरात माझा कायम नेमणुकीचा आदेश निघाला. पेढे मी वाटले. लोकांनी खाल्लेही. पट्टी चिकटवायला मी त्याच आठवड्यात स्टुलावर चढलो.

गुरुजी मात्र आले. पलंगावरून अक्कांना ‘जावा’ म्हणाल्यापासून आठव्या दिवशी, पारूताईला घेऊन. ऑपरेशन झालं आणि किडनी रुसली. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस, लघवीची पिशवी कोरडी. अक्का रोज सकाळच्या एसटीनं कुरुंदवाडहून यायच्या. विभागात बंदी होती, पण वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायला कुणी बंदी घालू शकत नव्हतं. आत जायच्या नाहीत. गुरुजींनी बोलावलं नव्हतं. मी जाता-येता खांबाआडून बघायचो. दहाव्या दिवशी पारूताई, स्वतःचे टाके सांभाळत, भिंतीला धरून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अक्का, मुतला.”

“किती?” अक्कांनी विचारलं.

“बाटलीभर.”

“कुठली बाटली?”

पारूताई आत गेल्या आणि बाटलीच घेऊन आल्या. अक्कांनी ती उजेडाकडं धरली, रेघ बघितली, आकडा मोठ्यानं वाचला, बाटली परत दिली आणि बाकावरची पिशवी उचलून एसटी गाठायला निघून गेल्या.

मला वाटलं, संपलं. पण फीतसाहेबांचं संपलं नव्हतं. काही महिन्यांनी त्यांनी मला बोलावून एक कागद पुढं केला. माणसांवर प्रयोग करायच्या परवानगीचा अर्ज दिल्लीला जायचा होता, त्या छापील लेखाच्या जोरावर. त्यात एक ओळ होती: सर्व नमुन्यांची ओळख खालील सही करणाऱ्यानं स्वतः पडताळली आहे. खाली माझं नाव टाइप केलेलं. चहा आला. त्यांनी पेन माझ्याकडं सरकवलं.

माझं धैर्य वगैरे काही जागं झालं नाही. मला फक्त कोरड्या पिशव्यांची एक रांग दिसली आणि प्रत्येक पलंगावर कुणाची तरी पारूताई. मी म्हणालो, वाचून देतो. आणि तो कागद घेऊन दुसऱ्या दिवशी कुरुंदवाडची एसटी धरली.

अक्का ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. आतून तांब्या आणून पुढं ठेवला. “पाणी पी. मग बोल.” मी पाणी प्यालो आणि चार पानांचं पत्र पुढं केलं. रात्रभर जागून लिहिलेलं. लेख छापणाऱ्या नियतकालिकाला एक प्रत आणि दिल्लीला एक. त्यात माझा पश्चात्ताप होता, फीतसाहेबांच्या सात पिढ्या होत्या, आणि अक्कांवर दीड पान होतं; ते लिहिताना मला रडू आलं होतं.

त्यांनी चष्मा पुसला, लाल पेन घेतलं आणि वाचायला लागल्या.

“‘अनवधानानं’ काढ. नळ्या पडल्या ते अनवधान. तू त्या भरून गप बसलास, ते न्हवं.”

काढलं.

“‘बहुधा मिसळल्या असाव्यात’. बहुधा? तुला म्हाईत हाय का न्हाय?”

“माहीत आहे.”

“मग तसं लिही. आणि साहेबाला शिव्या घातल्यास त्या काढ. शिव्या वाचल्या की माणसं नळ्या इसरतात.”

मग दीड पान आलं. मी जमिनीकडं बघत होतो. लाल रेघ ओढल्याचा आवाज आला, वरपासून खालपर्यंत. “मी थोर असलो काय आणि चोर असलो काय, नळीत काय फरक पडतो? हे कशाला?”

शेवटी सात ओळी उरल्या. नळ्यांवर काय लिहिलं, त्या कधी पडल्या, कशा भरल्या, कुणाला सांगितलं नाही, चौकशीत खोटं बोललो. त्या मी त्यांच्याच ओट्यावर बसून स्वच्छ अक्षरात दोन प्रतींत लिहिल्या. एक काना राहिला तर पुन्हा लिहायला लावलं. सही केल्यावर मी विचारलं की नोकरी जाईल ना.

“जाईल,” अक्का म्हणाल्या.

मग मी म्हणालो, अक्का, मला तुमच्याकडं एक मागायचं होतं. त्यांनी टोपली बाजूला सारली.

“पोस्ट बंद व्हायला पंचवीस मिंटं हाईत. ईमेल बी कर. पण मिळाला न्हाय म्हणाय येतंय. पोचपावती घे.”

स्वतः पायात बूट घालून माझ्याबरोबर निघाल्या. गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या. पोस्ट तिथून समोर, रस्त्याच्या शेवटाला दिसतं. मी चालत राहिलो. मध्ये एकदा मागं वळून बघितलं तर त्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारसायकली त्यांना वळसा घालून जात होत्या. पोस्टात माझ्यापुढं दोन माणसं होती. काम झालं, पाकिटं आत गेली, शिक्के पडले. मी दोन्ही पावत्या घेऊन पायरीवर आलो आणि त्यांना दिसाव्यात म्हणून हात उंच करून धरल्या.

अक्कांनी त्या बघितल्या असणार. कारण मी हात खाली घेईपर्यंत त्यांची पाठ वळली होती, आणि त्या घराकडं निघाल्या होत्या, भराभर, कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारख्या.